चार बोटं

वादी कबीरच्या गल्लीत, शुक्रवारी, नमाजानंतर,
निजाम मुकादम माझ्या कॅम्पर व्हॅनखाली सरकला.
बाहेर उरल्या फक्त चपला
आणि हर्णैचा आवाज: "किती उतरवू?"
म्हटलं, चार बोटं.
"कोणाची?"

जर्मनीहून किट येतं, दोनशे दहा रियाल.
माझ्या खिशात अडतीस,
त्यातले दोन चहाचे.
तेव्हा जुनीच पिळाची दांडी, फक्त दात सरकवायचे;
पुढचा बीम कापून वेल्डिंग;
आखूड शॉकॲब्सॉर्बर भंगारातले,
एक निळा, एक काळा.

चौऱ्याहत्तरपासून ताणून बसलेली दांडी
सुटली, तेव्हा टायरवरची मांजरं पळाली.
मुकादम शिव्या पान्याला देतो, गाडीला नाही.
"सुंभ जळंल, पण हिचा पीळ बघ."

खडूची खूण. पुन्हा मोजलं.
एका दातानं कमी पडतं, दोन दातांनी जास्त,
मधलं काही नसतंच म्हणे.
जास्त घेतलं.

लोकांना स्वर्ग दोन बोटं उरतो.
आम्हाला डांबर.

आता प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी
हेमांगी उतरते, चिरंजीव उतरतात,
पाण्याचा वीस लिटरचा कॅनही उतरतो.
मी गाडी तिरकी घालतो, पोट आत ओढून,
जणू माझंच घासणार आहे.
पलीकडे सगळे पुन्हा बसतात, कॅनसकट.

रुवीतल्या घरापर्यंत अकरा.
दहाव्याला हेमांगी उतरलीच नाही.
काचेवर कोपर टेकवून म्हणाली,
"घासू दे."