यादी भाग १८७

कागदावर हद्द अशी लिहिली आहे :
उत्तरेला नाला, पूर्वेला आटाचक्की,
दक्षिणेला श्री. मौंदेकर यांचे घरापावेतो,
पश्चिमेला काही नाही, नुसतं टिंब.

मौंदेकर घर विकून हुडकेश्वरला गेले.
आटाचक्कीत आता मोबाईल दुरुस्त होतात.
नाल्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर पार्किंग.
खाली पाणी आहे हे वासावरून कळतं,
आणि मला, कारण नकाशा माझ्या हातात आहे.

अलीकडची घरं मध्यला, पलीकडची उत्तरला.
एवढंच.

मी चौथी ब चा वर्गशिक्षक आणि बीएलओ.
टिमकीच्या या गल्लीत जुलैपासून फिरतो,
बगलेत यादी, खिशात दोन पेनं,
एक चालणारं, एक मागणाऱ्याला द्यायला.

लहानीबाई हेडाऊंचा माग कधीच विकला गेला,
खड्डा राहिला.
पाय खड्ड्यात सोडून त्या राख्यांना टिकल्या चिकटवतात.
यादीत त्यांचं वय एकशे चार, फोटो सुनेचा.
मुलगा पुण्याला, नाव इथंच.
"काटू नोका मास्तर,
दिवाळीले येत नाही थो, मतदानाले येते."

मग टिकली बोटावर तशीच ठेवून :
"समोरच्या गीतानं रस्ता मागतला, तिले भेटला.
मी मागतला तं म्हनते, तुमचा आमदार दुसरा.
नऊ फुटाची गल्ली हाय.
मंग मधातली कोनाची?"

मी म्हटलं, परिसीमन.
म्हटलं, लोकसंख्या सारखी वाटावी लागते,
जनगणनेचे गट फोडता येत नाहीत,
रेघ कुठंतरी मारावीच लागते.
त्या म्हणाल्या, "हाव.
पन रेघ मारनाऱ्यानं त्या दिवशी
चाय कोनाच्या घरी पेला?"

याला नमुना नाही.
मी नमुना आठ भरला, वय ब्याऐंशी केलं,
आणि समोर गीता नंदनवारच्या ओट्यावर टेकलो.
ती माझ्या यादीत नाही, तिला विचारायचं काही नव्हतं.
तिनं पाणी दिलं. दुसऱ्या मतदारसंघातलं,
त्याच नळाचं.

मतदानाच्या आदल्या दुपारी साहेब शाळेत आले,
माझीच खोली, क्रमांक तीन.
म्हणाले, चिन्हं झाका.
घड्याळ उतरवलं. कमळाच्या तक्त्यावर वर्तमानपत्र.
बादली कुण्या अपक्षाची होती,
म्हणून पिण्याच्या पाण्याची बादली व्हरांड्याबाहेर.
पंखा त्या वर्षी कोणाचाच नव्हता,
फिरू दिला.

मग त्यांनी मागची भिंत पाहिली.
ऑगस्टात रंगात बुडवून उमटवलेले
चौतीस तळहात,
खाली प्रत्येकाचं नाव, र आणि व एकसारखे.
"हे काय?"
साहेब, ही माझी मुलं.
"असतील. झाका."

खळ लावून खाकी कागद चढवला.

सकाळी लहानीबाई आणि गीता सोबतच निघाल्या,
चौकात वेगळ्या झाल्या.
एक माझ्या खोलीत, एक दोन रस्ते पलीकडच्या शाळेत.
दुपारी दोघी ओट्यावर बसून
कोणाची शाई जास्त पसरली ते बघत होत्या.
कोणाला दिलं, विचारलं नसावं.
नळाला पाणी यायची वेळ झाली होती.

दोन दिवसांनी शाळा भरली. मी कागद काढला.
खळीबरोबर चुन्याचा पोपडा आला
आणि तिसऱ्या ओळीतला एक हात गेला,
पिवळा, अंगठा जरा वाकडा.
नाव शिल्लक होतं.

मी मोजले. तेहतीस.

तौसीफ बाकावरून उठून भिंतीपाशी आला,
नावावर बोट ठेवलं.
"सर, माझा कुठंय?"

माझ्या तोंडात आलंच होतं :
नमुना सहा भर, राहण्याचा पुरावा आण,
हरकतीसाठी सात दिवस थांब.

तो तळहात उघडा धरून उभा.
रंगाची डबी कपाटात सापडली,
तळाशी पिवळी भेग पडलेली.
भिजवायला पाणी हवं होतं,
मी बादली शोधायला बाहेर गेलो.