नाव, हुद्दा, क्रमांक

वडील गेले, त्यानंतरच्या मंगळवारी
मेंढ्यांच्या औषधांच्या फळीवर
बिस्किटांच्या डब्यात एक कार्ड सापडलं.
जाड, करडं, कोपऱ्याला गंजल्या टाचणीचा डाग.
फोटोत तेवीस वर्षांचा मुलगा,
छातीशी पाटी, पाटीवर आकडा,
आणि डोळे असे, की फोटो काढणाऱ्याच्या मागे
अजून काहीतरी जळतंय.

छावणी सुटली त्या दिवशी म्हणे
कैद्यांनी कचेरी फोडली,
ज्यानं त्यानं आपापलं कार्ड उचललं.
हे आईनं सांगितलं. तिला एवढंच माहीत होतं.

इन्व्हरकार्गिलच्या बेकरीवाल्या वाल्ट्राउटकडे घेऊन गेले.
पिठाचे हात पुसून तिनं चष्मा लावला.
टलक, मर्विन. फ्लाइट सार्जंट. नेव्हिगेटर.
आईचं माहेरचं नाव गिलरॉय.
डावा घोटा सुजलेला.
विमान कुठल्या शहरावरून परतताना पडलं,
त्या शहराचं नाव वाचताना ती थांबली.
‘माझी मावशी तिथं होती,’ म्हणाली,
आणि पुढची ओळ वाचली.

मग कार्ड उलटलं.
मागे पेन्सिलीचं बारीक अक्षर,
चौकशी करणाऱ्या कुणा अधिकाऱ्याचं,
सहीच्या जागी नुसतं एक ‘के’.

*घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतो.
साखर नको म्हणतो, पण तिच्याकडे बघत राहतो.
त्यांच्या तळाजवळच्या गुत्त्यातल्या कुत्र्याचं नाव मी सांगितलं,
तेव्हा पहिल्यांदा हसला.
मेंढ्यांविषयी वीस मिनिटं बोलला.
युद्धाविषयी: नाव, हुद्दा, क्रमांक.*

वीस मिनिटं!
मी टेबलाची कड धरली.
आमच्या घरात त्यांची वाक्यं
रेशनच्या पावासारखी मोजून कापलेली.
फाटक लाव. दंव पडणार आज. निजा आता.
फाटकातून मेंढ्या सोडताना मात्र
पुटपुटायचे, पाच, पाच, पाच, पाच,
आणि एखादी मागं राहिली
तर सगळा कळप परत आत घेऊन
पहिल्यापासून मोजायचे, अंधार पडला तरी.
आम्हाला वाटे, विक्षिप्त आहेत.
शेजारचे मकिनॉन म्हणत, काटेकोर आहेत.

वाल्ट्राउट वाचत होती.
*सातजणांपैकी पाच प्रेतं मिळाली, हे त्याला सांगितलं.
वैमानिक कॅचपोल सापडलेला नाही, हेही.
बराच वेळ गप्प.
मग त्यानं विचारलं,
शेपटीकडच्या गनरच्या, प्रोबर्टच्या,
हातात हातमोजे होते का?
उत्तर माझ्याकडे नव्हतं.
प्रश्नाचा हेतू कळला नाही. नोंद केली आहे.*

इथं पेन्सिल संपते.
खाली कुणाच्या तरी कपाचा अर्धा गोल डाग.

ओव्हनमधून पाव काढायची वेळ झाली होती.
वाल्ट्राउट उठली नाही.
‘शेपटीकडे फार थंडी असेल,’ ती म्हणाली,
‘एवढ्या उंचावर.’
मी काहीच म्हटलं नाही.

जूनमधली आमच्याकडची थंडी मला आठवत होती,
तारांवर बर्फाचं कवच, कुंपणाचे खांब पांढरे,
आणि वडिलांचे उघडे हात,
बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांत रक्त सुकलेलं.
आईनं दर हिवाळ्यात हातमोजे विणले.
त्यांनी दर वेळी ‘छान आहेत’ म्हटलं,
घडी घालून कपाटात ठेवले.
सदतीस जोड आहेत तिथं, एकही न घातलेला.
एका भांडणात आई ओरडली होती,
‘कुणाचं देणं लागतोस तू?’
ते पाणी आणायला बाहेर गेले.

कार्ड मी पिठासकट पर्समध्ये ठेवलं.
बिनकामाचे दोन पाव विकत घेतले.

अंत्यविधीच्या दिवशी बहीण म्हणाली होती,
निळे हातमोजे घालूया त्यांना, बरे दिसतील.
मी म्हटलं होतं, नको, राहू देत.
कारण तिनं विचारलं नाही,
आणि मला ते माहीतही नव्हतं.
हात उघडेच ठेवून आम्ही झाकण लावलं.