त्रेचाळिसाव्या मिनिटाला

गोड्या पाण्यात शार्क नसतो
हे सँडस्कीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण लाइल हा मुळात गालिच्यांचा व्यापारी.
म्हणाला, समुद्र महाग पडतो,
एरी तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही ना?
भागवू.

शार्क केला वोझ्नियाकनं,
एरवी तो ट्रॅक्टर जोडायचा.
आत लोखंडी सांगाडा, वर फोम, त्यावर ताडपत्री.
दात प्लास्टरचे. पाच चाव्यांमागे एक गळायचा,
तो शोधायला बुड्या मारायचो आम्हीच,
मेलेले सगळे.

मी पोहणारा क्रमांक चार.
पंचवीस डॉलर आणि एक हॅम्बर्गर.
सप्टेंबर सरत आलेला, दात वाजत होते
माझे. त्याचे नाही.
लाइल कर्ण्यातून ओरडला, किंचाळ!
आठवडाभर आरशापुढे 'हेल्प, हेल्प' घोकलं होतं,
पण जबडा खरंच अडकला बरगडीवर,
आणि वोझ्नियाक हातोडा घेऊन पाण्यात उतरेपर्यंत
तोंडातून निघालं ते
आई गं.

तसंच ठेवलं त्यांनी.
लाइलला वाटलं, असेल काही भयंकर.
मग मक्याच्या शेतांकडेच्या सात ड्राइव्ह-इनमध्ये
गाड्यांच्या काचांना लटकवलेल्या भोंग्यांतून
अख्खा उन्हाळा
माझी आई ऐकू येत राहिली.

तिला कळवलं नाही.
निळी पत्रं यायची मेढ्याहून:
खातोस ना रे वेळेवर?
मी लिहायचो, खातो.

बरगडी अजून थंडीत ठणकते.
डॉक्टर कारण विचारतात,
मी खरं तेच सांगतो. ते लिहून घेत नाहीत.

परवा नातीनं कुठूनशी ती कॅसेट पैदा केली.
हसून लोळली. बरोबरच आहे,
शेपटीखाली दोरी दिसते,
रक्तावर एक सीगल आरामात बसलाय.
मग त्रेचाळिसावं मिनिट.
ती थांबली.
'आजोबा, हे काय म्हणालात?'
म्हटलं, ठेच लागली की म्हणतात तसं.

तिनं मागे नेलं.
लाल पाणी निवळत गेलं,
जबडा उघडला, शार्क उलट्या पावली गेला,
शब्द माझ्या तोंडात परत शिरला
आणि तोंड मिटलं.
पाण्यावर राहिली
वोझ्नियाकची टोपी,
जी तेव्हाही कुणाच्या लक्षात आली नव्हती.