कडता

मुजावरच्या काउंटरवर बोर्ड दोनच होते.
एकाला चार खाचा, आठपर्यंत रॅम झेलणारं,
अठराशेनं महाग.
दुसऱ्याला दोन खाचा, कमाल चार.
"चार पुरतंय की, डिप्लोमाला काय रॉकेट उडवायचंय?"
हे मुजावर नाही, मीच म्हणाले,
कारण दादांनी नोटा
दुसऱ्यांदा मोजायला घेतल्या होत्या.

शंभर फुटीवरनं कॅबिनेट सायकलच्या कॅरियरवर आलं,
मागनं मी, हात लावून.

दादा मार्केट यार्डात तोलार.
एकवीस वर्षं हळदीच्या पोत्यांपुढं
काटा थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं,
मग आकडा ओरडायचा.
घरात जमिनीवर पेपर पसरून मी बोर्ड मांडलं,
त्यांनी बॅटरी धरली, पिवळ्या नखांनी.
दोन-दोनच्या दोन कांड्या.
टक्. टक्.
"बसली?"
"बसली."

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे आले
आणि एका जागी थांबले: ३३२८.
"पुरे किती पायजेत?"
"चार हजार शहाण्णव."
बॅटरी विझवायच्या आत ते म्हणाले,
"सातशे अडुसष्टाची तूट."

कांड्या काढल्या, पुसल्या, अदलून-बदलून घातल्या.
३३२८.

दुसऱ्या दिवशी दादा बिल घेऊन दुकानात,
आडत्याशी बोलतात त्या आवाजात.
मुजावरनं चहा सांगितला.
"काका, चोरी नाही.
ह्या बोर्डाकडं घरनंबरच मोजके.
त्यातले थोडे पडद्याला, थोडे आवाजाला,
थोडे नेटच्या तारेला. ती बोर्डाची घरची मंडळी,
त्यांचं आधी.
उरलं ते रॅमचं.
मागची रॅम हाय की जाग्यावर,
पण तिच्या दारावर नंबर नाही.
हाक मारायची कुणाला?"
आणि पुस्तिकेचं पान उघडलं:
कमाल चार, शेजारी एक चांदणी,
तळाला मुंगीएवढ्या इंग्रजीत दोन ओळी.

दादांना इंग्रजी येत नाही.
चांदणीवर बोट ठेवून म्हणाले,
"पट्टीच्या बुडालाबी असंच असतंय.
बारदान, हमाली, ओल.
कडता म्हण की सरळ."

येताना सायकल हातात धरून चालत होते.
पुलाच्या अलीकडं विचारलं,
"त्या चार खाचांच्याला?"
"त्याच्याकडं नंबर जास्त होते."
पुढं घरापर्यंत काही नाही.

आल्यागेल्याला मात्र सांगायचे,
"पोरीनं सोता जोडलाय. सव्वातीनचा हाय."
चार कधीच म्हणाले नाहीत.
काट्यावर येईल तेवढंच बोलायचं.

डिप्लोमा झाला, नोकरी लागली, मशीन सहा वर्षं चाललं.
परवा भंगारात द्यायला उघडलं,
तर पंख्याच्या पात्यांवर, खाचांच्या फटीत
पिवळी पूड,
त्यांच्या सदऱ्यावरनं रोज थोडी थोडी ओढलेली.
ब्रशनं कागदावर झाडली.
चिमूटभर असेल.
पुडी बांधून ठेवलीय.
वजन केलं नाही.