घडी

औलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
इंकेरी पिक्करायनेन कॉफी गार होऊ देते
आणि फाइलचे पहिले सोळा बाइट
पुन्हा वाचते, नाडी पाहावी तसे.

पालिकेच्या तळघरातली तबकडी, वर नाव ना गाव.
कंपनी बुडालेली, कागद रद्दीत.
ज्याने हे स्वरूप लिहिले तो आता उत्तरेला कुत्री पाळतो
आणि फोनवर म्हणतो, आठवत नाही, खरंच.

आकडे उलटे मांडलेले: एकक आधी, दशक मागून.
त्यात काय, आपणही पंचवीस म्हणताना
पाचाला पुढे काढतो, विसाला थांबवतो.

मूळ फाइलीला ती बोट लावत नाही. तिची रीतच तशी.
लहान लहान फंक्शने, एकेकाला एकच काम,
तेच दिले की तेच परत देणारी,
मागचे काही मनात न ठेवणारी.
एक चार बाइट खाऊन रुंदी सांगते.
एक म्हणते, बहुधा रंग, नाहीतर काहीच नाही;
आणि काहीच नाही, हेही इथे उत्तर धरतात.

अख्खे चित्र फक्त पहिले. पुढे नुसते फरक:
या चौकोनात थोडे उजळ, त्यात होते तसेच.
फरकावर फरक चढवत जायचे,
फोल्ड म्हणतात त्याला. घडी.
घडी म्हणजे क्षणसुद्धा, मी शेजारच्या टेबलावरून सांगितले.
फिनिशमध्ये ते नीट बसले नाही.
ती हसली नाही.

आवाज तेवढा सापडेना.
प्रत्येक चौकटीच्या शेवटी एक रकाना, लांबी शून्य.
तीन आठवडे. वीस अटकळी,
विसांवरही कंपायलर खूश,
आणि स्पीकर ढिम्म.

गुरुवारी चित्रे आली, डोक्यावर उभी, निळ्या तोंडांची.
आणखी एक फंक्शन, आणि सरळ झाली.
फळ्यापुढे एक मुलगी, पुढचा दात पडलेला,
हात हवेत, बोटे भराभर,
आणि समोरची सातआठ पोरे
पोट धरधरून हसतायत.

इंकेरीने वीसही अटकळी पुसल्या.

सोमवारी केमीहून आर्मास आला, त्याच शाळेतला, आता आजोबा.
दोनदा पाहिले. आधी खांदे हलले,
मग वहीत लिहून दाखवले:
विनोद आहे. फिनिशमध्ये उतरत नाही.

इंकेरीने माझ्याकडे पाहिले.