परतीची तार

न्यामसुरेन आली ती यादी घेऊनच.
गुरांची डॉक्टर. मंदलगोवी सोडलं की
दीडशे किलोमीटर विचारायलाही कुणी नाही.
लसींचा फ्रिज, सोनोग्राफीचं यंत्र, मागे हीटर,
टपावर दोन दिवे,
रात्री अडलेल्या घोडीला मोकळं करायला.
आणि गाडी? करडी रशियन फुरगोन,
माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

म्हटलं, बाई, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
म्हणाली, म्हणून तर आले.
अंथरूण मोठं करून दे.

मग हिशेब. फ्रिज पाच अँपिअर, दिवे सोळा,
हीटर पेटताना दहा खातो, मग मुकाट दोन.
जुना अल्टरनेटर सगळं मिळून साठ द्यायचा,
तेही तरुणपणी.
उणे छत्तीसमध्ये बॅटरी निम्मीच उरते.
आमच्याकडे रात्री तिला उचलून गेरमध्ये आणतात,
शेगडीपासून हातभर दूर, कालच्या कोकरांशेजारी ठेवतात.
लहानपणी मला वाटायचं, तीही दूध पीत असेल.

एकशे वीसचा अल्टरनेटर मिळाला, मोडीतल्या कोरियन गाडीचा.
त्यावर काहीतरी लिहिलंय, मला वाचता येत नाही.
ब्रॅकेट घरी घडवला. तीनदा वेल्डिंग तोडलं.
पट्टा सूतभर वाकडा बसला तरी किंचाळतो.
मग तांब्याची तार, करंगळीएवढी जाड.

जाणारी तार सगळेच जाड घालतात.
परतीची विसरतात.
ती तीच, जुनी, हिरवी पडलेली,
चासीला गंजक्या बोल्टने कशीबशी धरलेली,
आणि मग विचारतात, दिवे मंद का?
गेलं तेवढं सगळं परत यावं लागतं.
वीज आहे ती, नातेवाईक नाही.

शेवटी दुसरी बॅटरी, आणि दोघींच्या मध्ये आयसोलेटर.
हा डबा कशाला, तिने विचारलं.
म्हटलं, इंजिन चालू आहे तोवर एकच चूल.
इंजिन थांबलं की चुली वेगळ्या.
फ्रिज, दिवे, तुझं यंत्र, काय खायचं ते दुसरीचं खातील.
पहिलीला कुणी हात लावायचा नाही.
पहिली फक्त घरी यायला.

बोलून गेलो, आणि पाना हातातच राहिला.

दावासंबू, माझा थोरला.
त्या वर्षी झूद आला, बर्फावर बर्फ,
त्याचं गवत जानेवारीतच संपलं, माझ्याकडे होतं.
वाटणी केव्हाच झाली होती.
पण गवताला कुंपण कोण घालतं?
मी दिलं. तो नको म्हणाला नाही.
मार्चअखेर दोघांकडचं संपलं.
एप्रिलमध्ये मेंढ्या आम्ही मोजल्या नाहीत,
रचल्या.
तो कोरियात गेला, कसल्याशा कारखान्यात.
मी तारा जोडायला शिकलो.
त्सागान सारला फोन येतो:
थंडी किती, रस्ता कसा, आईचे गुडघे.
बाकीचं अजून निघालेलं नाही.

संध्याकाळी स्टिअरिंगखाली एक बटण बसवलं.
तिच्या यादीत नव्हतं.
दाबून धरलं तर मधली भिंत जाते,
दुसरीकडे असेल नसेल ते पहिलीला मिळतं.
बोट उचललं की पुन्हा आपापलं.

किती वेळ धरायचं?
इंजिन लागेपर्यंत.
आणि नाहीच लागलं तर?
फ्यूजचा डबा बंद करायचा होता, तो मी बंद केला.

बिलात बटणाचे पैसे लावले नाहीत.
मीटरवर चौदा पॉइंट दोन, दिवे लावूनसुद्धा.
पट्टा मात्र थंडीत अजून किंचाळत होता,
पंपापलीकडच्या वळणापर्यंत ऐकू आला.
हजार किलोमीटर झाले की ताणायला आण,
असं सांगितलंय तिला.

अल्टरनेटरवर काय लिहिलं होतं,
त्याचा फोटो काढून ठेवलाय.
दावासंबूला वाचता येईल.
अजून पाठवलेला नाही.