तीस थेंब

पोल्ताव्यात आमच्या जिन्याला एक वास आहे,
पुदिन्याचा, मद्याचा, कसल्याशा मुळीचा.
ज्या दारामागे म्हातारं माणूस
त्या दारातून तो येतो.
आईच्या दारातून जरा जास्तच.

अठ्ठावीस वर्षं ट्रॉलीबस चालवली तिने.
बाबा गेले त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या ओदार्काने
साखरेच्या खड्यावर तीस थेंब मोजले,
"घे गं, हृदयासाठी आहे."
हृदय ठणठणीत होतं.
पलंगाची एक बाजू थंड होती, एवढंच.

आई मोठ्याने मोजायची, तिकिटं मोजावीत तशी.
तीस. वर्षभराने चाळीस.
सायरनच्या रात्री सुरू झाल्या, तेव्हा साठ.
मग एक दिवस मोजणं ऐकू येईना,
नुसतं टोपण फिरल्याचा आवाज.

तळमजल्यावरचा यारेमा,
नऊ वर्षांचा, फिट्स येतात त्याला.
ह्याच औषधाची गोळी घेऊन तो शाळेत जातो,
अंगणात सायकल फिरवतो, हात सोडून.
म्हणून मला शिव्यासुद्धा धड देता येत नाहीत.

कालचा थेंब आज उतरत नाही,
आजचा उद्यावर चढून बसतो.
थेंबे थेंबे तळं साचलं
आणि तळ्यात आई.
जीभ जड, पाय दुसऱ्याचे,
दंडावर चौकटीचे निळे वळ.
नव्या वर्षाच्या रात्री वर एक पेला चेरीची दारू,
आणि मी पहाटेपर्यंत
तिच्या नाकाखाली चमचा धरून,
धुरकटतो का ते बघत.

सकाळी मी तिन्ही बाटल्या मोरीत ओतल्या.
किती शहाणी वाटले मी स्वतःला!

तिसऱ्या दिवशी तिचे हात कापू लागले.
चौथ्या दिवशी ती भिंतीवरच्या प्रवाशांना म्हणाली,
पुढे सरका, दार लागत नाही.
आणि मग ताठ झाली, झटके देऊ लागली,
थेट यारेमासारखी.

डॉक्टर झोर्याना रागावली नाही. त्याचंच जास्त लागलं.
"एकदम तोडायचं नसतं," म्हणाली,
"जीव जातो माणसाचा.
काट्याने काटा काढू, पण वॉर्डात. आणि हळू."
तेच औषध, आता गोळीत, तक्त्यावर,
तिच्या झोपेवर, नाडीवर, बोटांच्या थरथरीवर नजर ठेवून,
दर थोड्या दिवसांनी कणभर कमी.
एकदा कमी केलेलं पुन्हा वाढवावं लागलं.
आई त्या दिवशी लहान मुलीसारखी रडली,
आनंदाने की लाजेने, मी विचारलं नाही.

सात आठवडे.

आता ती घरी आहे. झोप येते, पण तुकड्यातुकड्यांनी.
रात्री तीनला स्वयंपाकघरात बसून
जुन्या मार्गावरचे थांबे म्हणते,
एखादा चुकला की डेपोपासून पुन्हा.
साखरेचा खडा कोरडाच चघळते.

बाजारातून येताना आम्ही जिना चढतो.
ओदार्काच्या दाराशी आई दम घ्यायला थांबते.
फक्त दुसराच मजला आहे तो.
मी पिशवी या हातातून त्या हातात घेते
आणि वाट बघते.